संगिनीवरची अक्षरे

आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत एकदा लिहिले होते, की गोऱ्या शिपायांनी ‘संगिनी रोखून धरल्या’ म्हणजे सत्याग्रहींच्या मैत्रिणींना अडवून ठेवले. मी हसलो खरा, पण गुण कापताना हात जरा अडखळला. संगीन या शब्दाचे अनेकवचन संगिनीच होते, त्याला तो बिचारा काय करणार? शिवाय हल्लीच्या मुलांनी संगीन पाहिली आहे कुठे? सव्वीस जानेवारीच्या संचलनात बंदुकीच्या टोकाला काही तरी लखलखते, तेवढीच काय ती ओळख.

शब्द मूळचा फारसी. ‘संग’ म्हणजे दगड. आपला संगमरवर त्याच घराण्यातला. संगीन म्हणजे दगडी, भक्कम, वजनदार; हिंदीत गंभीर गुन्ह्याला ‘संगीन’ म्हणतात ते याच अर्थाने. आणि बंदुकीला जोडायचे पातेही संगीनच. इंग्रजीतल्या बायोनेट या नावाचे मूळ मात्र फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बायोन या गावात सांगतात.

कोणी नाणी जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी तर दिवे, अडकित्ते, दौती, हत्यारे असे जे हाती येईल ते साठ वर्षे जमवले, आणि १९७५ साली तो सारा संसार महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. अशा मंडळींकडे लोक कौतुकाने पाहतात. पण ‘मला संगिनींचा छंद आहे’ असे म्हटले, की समोरचा गृहस्थ नकळत पाऊलभर मागे सरकतो. मग त्याला घाईघाईने सांगावे लागते, की घरी एकही संगीन नाही. जे जमले आहे ते सगळे एका दोनशेपानी वहीत आहे. जिथे संगीन दिसेल तिथे तिच्या पात्यावर पातळ कागद ठेवायचा, शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवायची आणि उमटलेली अक्षरे घरी आणायची. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून राजाचे डोके उमटवीत असू, तसेच. पंचवीस वर्षे जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकाचे नाव, गाव आणि शक शोधण्यात ज्याने घालवली, त्याला पोलादावरची पुष्पिका वाचण्याची गोडी लागावी यात नवल नाही.

संगिनीचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. सतराव्या शतकात बंदूक एकदा उडवली, की पुन्हा भरायला बराच वेळ लागे. तेवढ्या अवधीत शत्रूचा स्वार अंगावर आला तर? म्हणून सुऱ्याची लाकडी मूठ सरळ नळीच्या तोंडात खुपसायची युक्ती निघाली. बंदुकीचा भाला झाला. पण तोंडात बूच बसल्यावर ती उडणार कशी? १६८९ साली स्कॉटलंडमध्ये किलिक्रॅन्कीच्या लढाईत सरकारी सैनिक हे बूच बसवीत असतानाच डोंगरी लोक तलवारी उपसून त्यांच्यावर कोसळले. पुढे नळीच्या बाहेरून बसणारी कडी आली. पाते बाजूला वाकलेले, त्रिकोणी, सळईसारखे; गोळीही सुटते आणि टोकही तयार.

ही त्रिकोणी संगीन आमच्या नगरला चांगलीच ठाऊक आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तटाला शिड्या लावून नगरची पेठ घेतली आणि चार दिवसांनी, १२ तारखेला, किल्ला त्याच्या हवाली झाला. किल्ला तेव्हा दौलतराव शिंद्यांकडे होता. महादजींनी सेव्हॉयच्या डी बॉइनला हाताशी धरून ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्याही बंदुकांना संगिनी होत्या. म्हणजे त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी एकाच घडणीचे पोलाद चमकले. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र मराठी शिपाई नेहमी तलवार आणि भालाच घेऊन धावतो. एक तर कादंबरीकाराला संगीन परकी वाटत असावी, नाही तर चित्रकाराला ती काढता येत नसावी!

आता मुख्य विषय. आपल्याकडे वाड्यांतून, माळ्यांवरून, जुन्या बाजारांतून जी संगीन सर्वांत जास्त आढळते ती ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीची, १९०७ च्या नमुन्याची. सतरा इंच, म्हणजे सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर लांब पाते, लाकडी मूठ, मुठीला दोन स्क्रू. जपानी सैन्याच्या संगिनीवरून इंग्रजांनी ती बेतली. मुठीजवळ, जिथे पात्याची धार सुरू होत नाही त्या सपाट जागेवर, तिचे गोत्र लिहिलेले असते. वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरे. ‘ई. आर.’ असेल तर सातवा एडवर्ड, म्हणजे संगीन १९१० च्या पलीकडे सहसा जात नाही, ‘जी. आर.’ असेल तर जॉर्ज. हिंदुस्थानात घडलेली असेल तर बहुधा ‘जी. आर. आय.’, कारण इथे तो नुसता राजा नव्हता, सम्राट होता. त्याखाली १९०७ हा आकडा.

या आकड्याने भले भले फसतात. ‘आमची संगीन १९०७ ची’ असे सांगणारे मला डझनभर तरी भेटले असतील. वस्तुतः तो नमुन्याचा शक आहे, घडणीचा नव्हे. व्याकरणाचे पुस्तक ज्या वर्षी लिहिले ते वर्ष निराळे आणि तुमच्या हातातली आवृत्ती छापली ते निराळे. घडणीचा महिना आणि वर्ष त्याच्याजवळच बारीक अक्षरांत असतात. ५ आणि त्यापुढे १७ असेल तर मे १९१७. सोबत कारखान्याचे नाव: शेफील्डचा सँडरसन किंवा चॅपमन, बर्मिंगहॅमचा मोल, लंडनचा विल्किन्सन. हा विल्किन्सन म्हणजे पुढे ज्याच्या नावाच्या पात्यांनी आपल्या वडील मंडळींनी दाढी केली तोच. आपल्याकडची असेल तर ‘आर. एफ. आय.’, म्हणजे बंगालमधला ईशापूरचा रायफल कारखाना.

पाते उलटले की दुसरी बाजू बोलू लागते. कावळ्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. फुली म्हणजे पाते वाकवून पाहिले आणि ते पुन्हा सरळ झाले. पास झाल्याचा हा शेरा. मुकुटाखालचे आकडे तपासनिसांचे. काही पात्यांवर आणखी दोन-दोन आकडी वर्षे असतात. दुरुस्त होऊन पुन्हा वाटपात गेल्याच्या त्या तारखा. आणि सरकारने ती रीतसर विकली असेल तर दोन बाण एकमेकांच्या टोकाला टोक लावून उभे राहतात. ही शेवटची खूण फार थोड्या घरगुती संगिनींवर मला दिसली. का दिसली नाही, ते ज्याचे त्याने समजून घ्यावे.

काही खुणा अक्षरांशिवायच्या आहेत. पहिल्या काही वर्षांत मुठीच्या आडव्या पट्टीला खाली आकड्यासारखा बाक होता. १९१३ मध्ये तो बंद केला, आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या संगिनींचे आकडेही कापून टाकले. त्यामुळे आकडेवाली संगीन दुर्मिळ, दुर्मिळ म्हणून महाग, आणि महाग म्हणून खोटी असण्याचा संभव मोठा! मुठीच्या टोकाला आरपार छिद्र आहे का पाहावे. खाचेत साठणारी माती निघून जावी म्हणून ते १९१६ पासून पाडू लागले. आणि पात्यावरची ती लांब पन्हळ? ‘रक्त वाहून जाण्यासाठी’ असे डोळे मोठे करून सांगणारा जाणकार प्रत्येक गावात असतो. तसे काही नाही. इमारतीच्या तुळईचे लोखंड मधे आत घेतलेले असते ना, त्यातलाच हा प्रकार: वजन कमी, ताठपणा कायम. पण रक्ताची गोष्ट ऐकायला बरी वाटते, तुळईची कोण ऐकणार?

इतके सांगितले ते एवढ्यासाठी, की ही अक्षरे कधी कधी घरातल्या माणसांविषयीही बोलतात. नगरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. या गावाची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर ओस पडत चाललेले हे गाव १९९० च्या सुमारास पोपटराव पवारांनी हाती घेतले आणि गावकऱ्यांच्या श्रमदानाने, चर खणून, बांध घालून, झाडे राखून पुन्हा उभे केले. आम्हीही एकदा विद्यार्थ्यांना घेऊन ते बांध पाहायला गेलो होतो. दुपारी एका घरी चहाला बोलावले. ओसरीवर एक ऐंशीच्या पुढच्या आजी गुळाची ढेप फोडीत होत्या. हातातल्या हत्याराकडे मी पाहतच राहिलो. बारा इंची पाते, पन्हळ नाही, लाकडी मूठ तेल-गुळाने काळी झालेली.

“ह्यो मामंजींचा सुरा,” आजी म्हणाल्या. “पयल्या लढाईतला. बसऱ्याला तुर्काच्या हातातनं हिसकून आनला त्यांनी.”

त्यांचा नातू कौतुकाने उभा होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पणजोबांची ही गोष्ट सांगून त्याने बक्षीस मिळवले होते, असे त्याने मला सांगितले. मी परवानगी घेऊन पाते पुसले, कागद ठेवला, पेन्सिल फिरवली. अक्षरे निम्मी झिजली होती. पण मुकुट होता, त्याखाली १९०७, आणि ‘आर. एफ. आय.’ स्पष्ट, खाली ४३. तुर्की संगिनीवर चंद्रकोर-चांदणी असते, आकडे अरबी वळणाचे असतात. ही ईशापूरची. आणि बारा इंची, बिनपन्हळीचे पाते ही तर दुसऱ्या महायुद्धातली आपल्याकडची काटकसर: पोलाद वाचवायचे, काम लवकर उरकायचे.

आता काय करावे? खोटे सांगणे जिवावर येते, आणि खरे सांगितले तर पणजोबांच्या हातातले शस्त्र काढून घेतल्यासारखे होते. मी जपून विचारले, “मामंजी पलटणीत होते याचं काही आहे का घरात?” आजींनी देवघरातून एक रुपेरी पदक आणवले. पहिल्या युद्धातल्या अशा पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. सगळे राजाचे डोकेच पाहतात. भिंगाखाली नाव वाचता आले. पलटण ‘११७ मराठा’. ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात उतरली होती. कुत-अल-अमाराचा वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला, त्यात ही डिव्हिजन अन्नान्न दशा होऊन शरण गेली. मामंजी त्या वेढ्यात होते की पुढच्या भरतीतले, ते पदक सांगत नाही. पण बसरा खोटा नव्हता. नातवाचा चेहरा जरा सावरला.

मग संगीन कोणाची? मी म्हटले, “आजी, ह्याच्यावर १९४३ साल आहे. तेव्हा घरातलं आणखी कोणी लढाईवर होतं का?”

आजींनी गुळाचा खडा पातेलीत टाकला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. “थोरलं भाऊजी व्हते की पल्टनीत. पन त्यांचं नाव ह्या घरात कोन काढत न्हाई.”

वाटणीच्या वेळी बापाशी भांडण झाले होते. थोरला मुलगा मुंबईला गिरणीत गेला तो परत आला नाही. त्याचे घरातले सामान वाटले गेले, आणि त्याच्या लढाईची गोष्ट बापाच्या गोष्टीत मिसळून गेली. तीही काही अगदीच निराधार नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४१ मध्ये, हिंदी सैन्य पुन्हा बसऱ्याला उतरले होते आणि युद्ध संपेपर्यंत इराक-इराणात त्याचा मोठा तळ होता. बाप आणि मुलगा एकाच बंदरावर पंचवीस वर्षांच्या अंतराने उतरले असतील, तर घराने दोघांचा एक माणूस केला यात आश्चर्य ते काय? नातवाने विचारले, “म्हणजे मला अजून एक आजोबा होते?” आजी म्हणाल्या, “त्यांची नात लालबागला असती म्हनं.” पुढचे बोलणे घरातले होते. आम्ही चहा घेऊन निघालो.

संगिनीशी जोडलेल्या पराक्रमाच्या कथा ऐकताना मी नेहमी एक गोष्ट ध्यानात ठेवतो. शिपायाची संगीन सरकारची असे, मोजून दिली जाई आणि मोजून परत घेतली जाई. १९४५ नंतर मात्र लष्कराचा जादा माल ढिगाने विकला गेला. ज्यांच्या घरी अजून ‘डिस्पोजलचे’ ब्लँकेट किंवा पाण्याची बाटली आहे त्यांना ते दिवस आठवतील. घराघरांतल्या अनेक सुऱ्यांचा खरा पराक्रम लिलावात बोली लावण्याचा आहे.

आणि ज्यांनी खरोखर पराक्रम केला त्यांच्या हातात संगीन होतीच असेही नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव. इटलीत सेनिओ नदीच्या काठावर ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणले, आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबाँब घेतले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या हकिगतीत संगीन कुठेच नाही. त्या युद्धात ती डबे फोडायला, खुंट्या ठोकायला आणि मातीत खोचून वर मेणबत्ती लावायलाच जास्त उपयोगी पडली असावी. इंग्रजांनी तर शेवटी पातेच काढून टाकले आणि आठ इंची नुसता खिळा ठेवला. हे पहिले खिळे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्यात झाले. होय, तोच सिंगर. ज्याच्या यंत्रावर आपल्या आयांनी दिवाळीचे परकर-पोलके शिवले. शिपायांना मात्र हा खिळा आवडला नाही. त्याने ना पाव कापता येई, ना लाकूड.

विकत घेण्याविषयी बायकामुलांच्या घरात दोन शब्द सांगणे भाग आहे. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात संगिनी येतात. त्यांत नकली पुष्कळ. नकलेची मुख्य खूण म्हणजे अक्षरांचा उथळपणा. खरे ठसे थंड पोलादावर घणाने मारलेले असतात, त्यांच्या कडा खोल आणि थोड्या वेड्यावाकड्या. नकली अक्षरे एकसारखी, गुळगुळीत, जणू साबणावर उमटलेली. पात्याची धार, मूठ आणि म्यान एकाच वयाची दिसतात का ते पाहावे. फार जुळून आलेली जोडी मला नेहमी संशयास्पद वाटते, लग्नाच्या जाहिरातीतल्यासारखी. दुसरे म्हणजे कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत संगिनीचे नावच घातलेले आहे, आणि सरकारने ज्या भागासाठी तशी अधिसूचना काढली असेल तिथे ती बाळगायला परवाना लागतो. घरी असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. न विचारता भिंतीवर टांगू नये. शंभर वर्षांच्या पलीकडची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिला १९७२ चा निराळा कायदा आहे. वहीला यातले काही लागत नाही, हा माझ्या छंदाचा स्वस्तपणा.

बाजारातल्या नकलांपेक्षा मला भीती वाटते ती खंडेनवमीची. नवरात्रातल्या नवमीला शस्त्रे पुजायची ही आपली जुनी चाल. पण पुजण्याआधी घरातले कोणी तरी कर्तव्यदक्ष माणूस ती राखेने, विटकरीने, हल्ली काचकागदाने घासून लख्ख करते. पन्नास खंडेनवम्यांत ईशापूर जाते, महिना जातो, वर्ष जाते. राहते ते चकचकीत, मुके पाते. चिंच तर मुळीच लावू नये, ते तांब्याचे भांडे नव्हे. कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने फिरवावा. गंज तांबूस आणि सैल असेल तर तेल लावून दोन दिवस ठेवावे आणि जाड कापडाने पुसावा. काळा आणि घट्ट असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. चामड्याच्या म्यानात पाते कायमचे ठेवू नये, चामड्यातला ओलावा त्याला खातो. दोन्ही वेगळी ठेवावीत, पण एकाच फडक्यात, म्हणजे ताटातूट होत नाही.

आणि तेल लावण्याआधी कागद घ्यावा. पतंगाचा चालेल. मऊ शिसपेन्सिल आडवी धरून दोन्ही बाजूंचे ठसे उमटवावेत, मुठीच्या टोकाचे आकडेही सोडू नयेत. बऱ्याचदा पलटणीची अक्षरे तिथेच असतात. खाली पात्याची लांबी लिहावी. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, शक्यतो जेवण झाल्यावर, ही कोणी आणली ते विचारावे, आणि ते जे सांगतील ते जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत, कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून घ्यावे. पुढच्या बाजूशी ते जुळले नाही तरी खोडू नये. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी.